तीनशे अकरा पोरांचा बाप

“अज्जा, तुम्हाला एकूण पोरं किती?”

मी विचारलं आणि दोड्डप्पांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या, हातातला कप बशीवर असा आपटला, की चहा त्यांच्या भाषणाच्या कागदांवर सांडला. बाबांनी माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघितलं. अडचणीत आले की बाबा भिंतीकडेच बघतात.

प्रश्न माझा नव्हता, स्वप्नालीचा होता. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत भडंगाच्या पुडीभोवती आम्ही पाचजणी बसलो होतो आणि विषय निघाला सकाळच्या हजेरीचा. दहावी ‘ब’ला नवे सर आलेत. त्यांनी पुकारलं, “करवीरकर दानेश्वरी शंकरप्पा.” मग दुसरी करवीरकर, तीही शंकरप्पा. मग तिसरी. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “तिघी बहिणी काय गं?” मागच्या बाकावरनं कुणीतरी ओरडलं, “सर, त्यांच्या बापाला अजून तीनशे हाईत!” अख्खा वर्ग खिदळला. दानेश्वरी वहीत बघत राहिली. मीही हसले. हे लिहायला मला आवडत नाही, पण हसले.

शंकरप्पा म्हणजे माझे अज्जा. एकोणपन्नास साली त्यांनी जुन्या बुधवार पेठेत बालकाश्रम काढला, तेव्हा शाळेचे मास्तर बापाच्या नावाशिवाय पोर दाखल करून घेईनात. अज्जा म्हणाले, “लिवा माझं.” तेव्हापासून आश्रमात जे पोर येईल त्याचं आडनाव करवीरकर आणि बापाच्या जागी शंकरप्पा. शहराला हे माहीत आहे. तरी शहर हसतं.

“घरात इचार की तुज्या आजोबास्नी,” स्वप्नाली म्हणाली. “सगळ्यांसमोर. हाय का डेरिंग?”

“हाय की! उद्याच इचारतो. भडंगाचं तुम्ही बघा.”

गेल्या वर्षीपर्यंत पाहुणे आले की मी आतल्या खोलीत पळायची. जुलैत वक्तृत्वाची ढाल मिळाली आणि मला कुणाचीच भीती वाटेनाशी झाली. शनिवारी सकाळची शाळा करून घरी आले, तर राजारामपुरीतल्या आमच्या हॉलमध्ये सगळे जमलेलेच होते. दुसऱ्या दिवशी अज्जांचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा होता, एक्याऐंशी वर्षांचा. दोड्डप्पा भाषणाची तालीम करत होते. आश्रमाच्या बयाबाई पोरांची यादी घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्या बसत नाहीत. आमच्या घरात कधी बसलेल्या मी बघितल्या नाहीत. म्हटलं, हीच वेळ.

अज्जा रागावले नाहीत. वेताच्या खुर्चीत शाल सावरून त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. ते खरोखर मोजत होते!

“तीनशे अकरा,” ते म्हणाले. “घरातली दोन धरून.”

“धरून म्हंजे?” दोड्डप्पांनी विचारलं.

“धरून म्हंजे धरून. तू आणि अमरेश.”

दोड्डप्पांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. अज्जांना ते काही बोलू शकत नाहीत, म्हणून माझ्याकडे वळले.

“कुणी शिकवलं गं तुला हे? भर बैठकीत आजोबाला पोरं मोजाय लावतीस?”

“मी नुसतं इचारलं, दोड्डप्पा.”

“नुसतं! परवा हुपरीत त्यो पण नुसतंच बोलला!” ते बाबांकडे वळले. “अमरेश, तू न्हवतास. चांदीवाल्यांनी अप्पांचा सत्कार ठरवायला बैठक घेतली. एक जण माइकवर उठून म्हणतोय, शंकरप्पांच्या कार्यक्रमाला माणसं कशाला गोळा करताय, त्यांची स्वतःचीच जिल्हाभर हाईत की! चारशे माणूस हसलं. बायका पण हसल्या. माझ्या बापावर! ज्या माणसानं बेचाळीस साली पुराची पंचगंगा पोहून पार केली, त्याच्यावर!”

“कमरेएवढं पाणी हुतं,” अज्जा म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

“म्हणून मी आता ते बंदच करून टाकलंय.”

“काय बंद केलंय दोड्डप्पा?” मी विचारलं.

त्यांनी फाइलीतून कागद काढला आणि उभ्यानंच वाचला. संस्थेतील मुलामुलींच्या नावापुढे वडील म्हणून संस्थापकांचे नाव लावण्याची प्रथा बंद करण्यात येत आहे, तरी शाळेने आपल्या दप्तरी तशी दुरुस्ती करावी. खाली अध्यक्ष म्हणून प्रभुलिंग शंकरप्पा बेळवी, अशी त्यांची लफ्फेदार सही. शेजारी दुसऱ्या विश्वस्ताची जागा मोकळी.

“दोन सह्या लागत्यात. अमरेश, घे. सोमवारी दहावीच्या फॉर्मांची शेवटची तारीख, त्याआधी शाळेत पोचलं पायजे.”

बाबांनी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. पुन्हा भिंतीकडे बघितलं.

बयाबाईंनी दारातनं विचारलं, “मग पोरींच्या फॉर्मावर काय लिवायचं वो?”

“रेघ मारायची.”

“रेघ?”

“बापाच्या नावाच्या जागी आडवी रेघ. काय मोठं हाय त्यात?”

“तुम्ही काल बोललासा तवाच मी हेडसरास्नी इचारलं. त्ये म्हणत हुतं, नववीच्या दाखल्यावर एक आन् फॉर्मावर दुसरं आसलं की फॉर्म माघारी येतोय. मग नाव बदलल्याचं सरकारी राजपत्रात छापून आणा, ह्ये करा, त्ये करा. तवर मार्च जातोय.”

“मग पुढच्या मार्चला बसतील. दहावी कुठं पळून चालली न्हाय.”

हे असं! दानेश्वरी गणितात शाळेत पहिली येते. तिला डी.एड. करून मास्तरीण व्हायचंय. एक वर्ष. एक अख्खं वर्ष, कारण हुपरीत चारशे माणसं हसली! माझ्या तोंडाशी काहीतरी भयंकर आलं होतं, तेवढ्यात गुंडू पेंटर कानावर ब्रश खोचून आत डोकावला.

“मालक, वाळलंय. एकदा छाती बघून घ्या. अजून दोन इंच वाढवू का?”

सगळे अंगणात गेलो. कंपाउंडच्या भिंतीला टेकवून सोळा फुटी चित्र उभं केलं होतं. मागं फेसाळलेली नदी, पुढं एक दांडगा माणूस, खांद्यावर मुद्गल, मांड्या चिंचेच्या बुंध्यासारख्या, मिशा कानापर्यंत. खाली लाल अक्षरांत ‘करवीरचा पोलादी पुरुष’. अज्जा काठी टेकत आले. अज्जांचं वजन चव्वेचाळीस किलो आहे.

“ह्यो कोण पैलवान?”

“तुम्हीच की अज्जा,” मी म्हटलं.

“मला मिशी कवा हुती?”

गुंडू चाचरला. “साहेबांनी सांगितलं म्हणून...”

“मीच सांगितलं,” दोड्डप्पा म्हणाले. “अप्पा, लोकांना असला माणूस लागतो. देशातलं जुनं पुढारी आठवा. तुरुंगात टाकलं तरी जोर-बैठका चुकवल्या न्हाईत त्यांनी. एक एक गडी पोलादाचा. बोललं की समोरच्याची धोतरं सुटायची. आताचं बघा, पंखा बंद झाला की घाम पुसत्यात! तुम्ही त्या पिढीतलं. दोनदा खासदार. ते दिसाय नको? गुंडू, वाढव छाती.”

“दिल्लीस्नं आल्यावर काय करायचं, त्ये बी काढा की चित्रात,” बयाबाई हळूच म्हणाल्या.

“काय करायचे?” मी विचारलं.

“टांग्यातनं उतरलं की घरला न्हाय, पैलं आश्रमात. कोट काढून खुंटीला. पोरींची डोस्की मांडीवर घ्यायचं आन् राकेल लावून बारीक फणीनं उवा काढायचं. माज्या बी काढल्यात मालकांनी. नखावर नख, चट् चट्. तान्ही पोरं आली की कापसाच्या वातीनं दूध पाजायचं. रातभर मांडी मोडायचं न्हाईत.”

बयाबाई स्वतः आश्रमात वाढलेल्या. त्यांच्या दाखल्यावरही शंकरप्पा आहे. हे मला माहीत होतं आणि त्या अज्जांना ‘मालक’ म्हणतात हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी मी शेजारीशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या, त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्या.

“बयाबाई,” दोड्डप्पांचा आवाज खाली आला, म्हणजे राग वर गेला. “हे उद्या माइकवर यायचं न्हाय. गौरवग्रंथातनं पण मी ते पान काढलंय. दोनदा खासदार झालेला माणूस मांडीवर डोकं घिऊन उवा मारतोय, ही काय सांगायची गोष्ट हाय?”

“व्हय!” मी एवढ्या जोरात ओरडले की गुंडूचा ब्रश खाली पडला. “हीच सांगायची गोष्ट हाय! नदी कोण पण पोहतंय. दुसऱ्याच्या पोरीच्या उवा कुठल्या खासदारानं काढल्यात दाखवा मला! पोलादी म्हणं! असला पोलादी माणूस मेला तरी राकेलच्या वासात बसणार न्हाय!”

“रक्षिता, आत जा,” बाबा म्हणाले. त्या दुपारी त्यांनी उच्चारलेले पहिले शब्द हेच.

पुढचं मला आईनं नंतर सांगितलं. आई सांगते तेव्हा स्वतःला जरा कमीच धरून सांगते, म्हणून मी थोडं वाढवून लिहिते.

आई स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या कडबूंचं पुरण वाटत होती. आई हातकणंगल्याची, दूधदुभत्याच्या घरातली. रागावली की तिचे हात जोरात चालतात. बाबा पाणी प्यायला आत आले. तिनं बघितलं ते त्यांच्या तोंडाकडे नाही, खिशाकडे.

“सही करणार हाईसा?”

“दादा थोरला हाय, महादेवी.”

“थोरले हाईत म्हणून खरे हाईत व्हय?”

“तुला दादाचं म्हाईत न्हाय.”

“मग सांगा की. अठरा वर्षं झाली मी तुमच्या खिशातले कागद धुण्याआधी काढतोय. एकदा तरी तोंडानं सांगा.”

बाबा ओट्याला टेकले. आणि बाबा बोलले. आई म्हणते, लग्नानंतर एवढं सलग बोलल्याचं तिला आठवत नाही.

दादा आणि आश्रमातली पोरं एकाच शाळेत होती. एकसारखी खाकी चड्डी, एकसारखी पिशवी, कारण अज्जांनी भेद करायचा नाही असं ठरवलं होतं. नवा मास्तर आला की दादाला उभं करून विचारायचा, “तू घरातला का आश्रमातला?” पोरं हसायची. दादा सात-आठ वर्षांचा. रोज अज्जांना म्हणायचा, अप्पा, एकदा शाळेत या, मास्तरला सांगा. अज्जा म्हणायचे, उद्या. उद्या कुणाला तरी गोवर निघालेला असायचा. ते ‘उद्या’ कधी आलं नाही.

“फक्त तालमीत त्याला एकट्याला न्यायचे,” बाबा म्हणाले. “पहाटे पाचला, बोट धरून. आश्रमातल्या पोरांना त्या वेळी झाडलोट असायची. अप्पा काय मोठे पैलवान न्हवते, चार जोर मारून बसायचे. पण त्या तासाभरात बाप त्याचा एकट्याचा असायचा. मग अंगणातलं ते चित्र बघ. दादाला दुसरा बाप आठवतच न्हाय.”

आईचे हात थांबले. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. खाकी चड्डीतले लहानगे दोड्डप्पा क्षणभर तिच्या डोळ्यांपुढं आले. मग ती म्हणाली, “तर मग त्यांनी पैलवान ठिवून घ्यावा. सोळा फुटी घ्यावा, बत्तीस फुटी घ्यावा. पोरींचं नाव कशाला काढून घ्यायचं?”

“ते नाव असलं की त्याला वाटतंय...”

“त्यास्नी काय वाटतंय ते कळलं मला. तुम्हाला काय वाटतंय?”

बाबांनी पाण्याचा तांब्या पालथा घातला आणि बाहेर गेले. कागद खिशातच.

मी तोवर सायकल काढली होती. बयाबाईंना कॅरियरवर बसवलं, त्या सारखं म्हणत होत्या, “आगं पाडचील मला!” राजारामपुरीतून जुन्या बुधवारात जाईपर्यंत माझं डोकं इतकं तापलं होतं की दोन रिक्षावाल्यांशी भांडले. मनात मी भाषण तयार करत होते. दानेश्वरीला सांगायचं, घाबरू नकोस, मी आहे. ती माझ्या गळ्यात पडेल, वगैरे. मला खरंच असं वाटत होतं.

आश्रमाच्या पटांगणात रांग लागली होती. दुसऱ्या दिवशी अज्जांच्या हातून प्रत्येकाला कापड मिळणार होतं आणि फोटो निघणार होते, म्हणून दानेश्वरी लहान पोरांची तालीम घेत होती. कापडाऐवजी एक उशी होती. पोर पुढं यायचं, उशी घ्यायचं, वाकायचं.

“वळ. कॅमेऱ्याकडं बघ. एक, दोन. हस. जा. पुढचा!”

एक चिमुरडी उशी घेऊन हसलीच नाही. दानेश्वरीनं तिला परत रांगेत पाठवलं. ही रांग मी दर वर्षी बघितली होती, स्टेजवरनं, आईच्या शेजारी बसून. रांगेच्या बाजूनं कधी बघितली नव्हती. मदत घेताना हसायची तालीम करायची! कुणी ठरवलं हे? माझ्याच घरानं.

“दाने, बाजूला ये,” मी म्हटलं. “एक सांगायचंय. दोड्डप्पांनी पत्र लिहिलंय...”

“म्हाईत हाय. बयाबाईंनीच तर हेडसरांना इचारलं.” तिनं उशी काखेत धरली. “तुजं भडंग मिळालं काय?”

“कसलं भडंग?”

“पैजंचं. स्वप्नाली सगळ्या वर्गाला सांगत हुती काल. शंकरप्पाला पोरं किती, हे रक्षिता घरात इचारणार. एक आठवडा भडंग फुकट.” तिचा आवाज अजिबात चढला नाही. “मी पैज हाय व्हय गं?”

ढालवाली मी, आणि नेमकं चुकीचंच बोलले.

“मी... मी आज दोड्डप्पांशी भांडलो तुज्यासाठी. ओरडलो मी त्यांच्यावर. अज्जांनी किती केलंय तुमच्यासाठी ते...”

“केलंय की. न्हाय कोण म्हणतंय? जेवायला घातलं, शाळेत घातलं, नाव दिलं. पण पालकसभेला कोण येतंय? बयाबाई. प्रगतिपुस्तकावर सही कुणाची? बयाबाईंची. मला टायफॉइड झाला तवा उशाला कोण? बयाबाई. तुज्या अज्जास्नी मी वर्षातनं दोनदा बघतो. पंधरा ऑगस्टला आणि वाढदिवसाला. रांगेतनं. एक, दोन, हस, जा.”

“ते आता म्हातारे झालेत दाने.”

“मी काय तक्रार करत न्हाय. तू इचारलंस म्हणून सांगतोय.” मग मात्र ती जवळ आली. “पण एक ध्यानात ठेव. ते नाव आता त्यांचं न्हाय. दहा वर्षं मी पाटीवर, वहीवर, पेपरावर लिवलंय ते. वर्ग हसला तरी लिवलंय. त्यांनी दिलं तवा मला इचारलं न्हवतं, आणि आता काढून घेताना पण कोण इचारत न्हाय. तुमच्या घरात तुम्ही भांडा, चित्रं रंगवा, पैजा लावा. माज्या नावात हात घालायचा न्हाय.”

माझे डोळे भरले. तिनं ते बघितलं आणि तिला अजून राग आला.

“आणि तू रडू नको बाई. मला आजून चाळीस पोरं हसवायची हाईत, मग भूगोल करायचाय.” ती रांगेकडे वळली. “पुढचा!”

मी सायकल ढकलत घरी आले. चढ नव्हता, तरी ढकलत आले. मला प्रचंड राग येत होता. स्वप्नालीचा, दोड्डप्पांचा, बाबांच्या खिशाचा आणि सगळ्यात जास्त त्या मुलीचा, जी हजेरीच्या वेळी सगळ्यांबरोबर हसली होती.

अंगणात अज्जा एकटेच त्या सोळा फुटी पैलवानासमोर खुर्ची टाकून बसले होते. छाती दोन इंच वाढलेली होती; रंग ओला होता.

“अज्जा, ते पत्र थांबवा.”

“मी विश्वस्त कुठाय आता? चार वर्षांमागं दोघांच्या हवाली केलं सगळं.”

“तुम्ही सांगितलं तर दोड्डप्पा ऐकतील.”

“प्रभुलिंग माझं ऐकंल?” ते स्वतःशीच हसले. “त्याला मी कधी शाळेत सोडाय गेलो न्हाय. आज कुठल्या तोंडानं सांगू?” मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “दानेश्वरी म्हंजे कुठली? दोन वेण्यांची?”

“सगळ्यांच्याच दोन वेण्या असत्यात, अज्जा! शाळेचा नियम हाय!”

मी अज्जांवर कधीच ओरडले नव्हते. पण मला थांबता येईना. “तुमची पोरगी हाय ती. दाखल्यावर लिवलंय तसं. गणितात पहिली येते. आणि बयाबाई पन्नास वर्षं तुम्हाला मालक म्हणत्यात. बापाला कोण मालक म्हणतंय? कधी म्हणालासा त्यांना, की मला अप्पा म्हण?”

अज्जांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

“न्हाय म्हणालो,” ते म्हणाले. “लहान असताना त्यांना मांडीवर घेणं सोपं हुतं. मोठी झाली की दुसरी तान्ही यायची. मला वाटायचं, नाव तर दिलंय, आता त्यांचं भागंल.” त्यांनी चित्रातल्या मांड्यांकडे बोट केलं. “एवढं दांडगं असतो, तर तीनशे अकरा पेलली असती की नसती, कुणास ठाऊक. माझ्यानं न्हाय पेलली. पण पोरगीचं वर्ष वाया जाऊ देऊ नका. मी प्रभुलिंगला सांगतो. ऐकलं तर ऐकलं.”

त्यांनी सांगितलं. हॉलचं दार बंद करून दोघं बसले. दोड्डप्पांचा आवाज बाहेर येत होता, अज्जांचा नाही. “आज आठवलं शाळेत यायचं, अप्पा? माझ्या वेळी कुठं हुता?” एवढं एकच वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं आणि त्याच्यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज. दोड्डप्पा बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मला वाटलं, झालं, विरघळले. पण ते सरळ बाबांकडे गेले.

“उद्या कार्यक्रमाच्या आधी सही करून दे, अमरेश. मी अप्पांचं पण ऐकणार न्हाय. एवढं एक माझं ऐक.”

ते चपला घालून त्यांच्या घरी गेले. मला त्यांची दया आली आणि ती आल्याचा रागही आला. खाकी चड्डीतल्या त्या पोराला जे झोंबलं होतं, तेच ते दानेश्वरीला करायला निघाले होते. आणि त्यांना ते दिसत नव्हतं.

अज्जा जेवले नाहीत, लवकर आडवे झाले. स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो. आईनं भाकरी वाढली, शेंगाची चटणी वाढली. बाबा चटणीत तेल घालत बसले. खिसा तसाच फुगलेला.

“सही केलासा?” मी विचारलं.

“जेव गपगुमान.”

“म्हंजे न्हाय केली. पण करणार.”

“दादाला दुखवून मला या घरात राहता येतंय का, रक्षिता? चाळीस वर्षं त्याच्या सावलीत काढलीत मी. उद्या पाचशे माणसांसमोर त्याला खाली बघाय लावू? पोरींचं आपण करू काहीतरी. वकिलाला विचारू. एखादं वर्ष...”

“एखादं वर्ष तुमचं न्हाय, तिचं जाणार हाय.”

“अगं, सगळं सरळ असतंय का? तू लहान हाईस.”

मी ताट बाजूला केलं. कपाटातून माझा फॉर्म काढला आणि चटणीच्या वाटीशेजारी ठेवला. माझ्या सुवाच्य अक्षरात सगळं भरलेलं होतं. जन्मतारीख, विषय, पत्ता. बाबांच्या नावाची जागा मी अजून भरली नव्हती, कारण शाईचं पेन संपलं होतं. नुसतं तेवढ्यासाठी राहिलं होतं. आता बरं झालं असं वाटलं.

“आई, तू पण ऐक,” मी म्हटलं. “सोमवारी दानेश्वरीच्या फॉर्मवर जे असंल तेच माझ्या फॉर्मवर असणार. तिथं नाव असंल तर इथं तुमचं नाव. तिथं रेघ असंल तर इथं पण रेघ. अमरेश लिहिणार न्हाय मी.”

बाबांचा घास हातातच राहिला. “डोकं फिरलंय का तुझं? तुला बाप हाय!”

“हाय का न्हाय ते उद्या कळंल.”

“महादेवी, सांग हिला काहीतरी!”

आईनं माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या खिशाकडे. तिनं माझ्या ताटात अर्धी भाकरी वाढली. “फॉर्मला तेल लागंल,” ती मला म्हणाली. “वर ठेव.”

“अगं, हेडसर फॉर्म परत पाठवतील! वर्ष बुडंल तुझं!” बाबांचा आवाज फाटला. माझ्या आठवणीत बाबा पहिल्यांदा ओरडत होते आणि भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून ओरडत होते.

मी फॉर्म उचलून कपाटावर ठेवला.

“बुडू दे. ती मार्चला बसली तर मी बसणार. ती न्हाय बसली तर मी पण बसणार न्हाय. वर्गाबरोबर तिला हसलो मी, बाबा, ते काय आता परत घेता येत न्हाय. हे मी ठरवलंय. सहीचं तुम्ही ठरवा.”